मॉडेल रेल्वेच्या नियंत्रण मॉड्यूलना बॅटरी आणि पर्यायी वीजपुरवठा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न मुख्यतः एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या आणि डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीने चालणाऱ्या मॉडेल रेल्वेसंबंधी आहेत. या पद्धतीत रुळांत सदैव पूर्ण दाबाची वीज असते आणि तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट करून त्यातूनच इंजिनातल्या डीकोडरला, म्हणजे आज्ञा ओळखून मोटर व दिवे चालवणाऱ्या छोट्या सर्किटला, आज्ञा दिल्या जातात. या आज्ञा तयार करणारे यंत्र म्हणजे कमांड स्टेशन, आणि त्या रुळांवर पुरेशा जोराने पाठवणारे म्हणजे बूस्टर. जर्मनीतील लेन्झ कंपनीने विकसित केलेली ही पद्धत अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने (एनएमआरए) १९९० च्या दशकात प्रमाण म्हणून स्वीकारली आणि आज बहुतेक उत्पादक तीच पाळतात. एन, ओओ किंवा बागेतल्या जी मापाच्या गाड्या चालवणाऱ्यांनी व्होल्टेज व करंटचे आकडे आपापल्या मापाप्रमाणे बदलून घ्यावेत.

आपल्याला बॅटरीची खरोखर गरज आहे की नाही, हे कसे ठरवावे?

वीज नेमकी कुठे तुटते, हे आधी शोधावे. ती तीन ठिकाणी तुटू शकते. पहिले ठिकाण म्हणजे चाक आणि रूळ यांचा स्पर्श. येथे ती काही मिलिसेकंदच जाते, पण तेवढ्यात आवाजाचा डीकोडर नव्याने सुरू होतो आणि डिझेल इंजिन पुन्हा पहिल्यापासून 'स्टार्ट' घेऊ लागते. दुसरे ठिकाण लेआउटखालची, म्हणजे टेबलावर मांडलेल्या रुळांखालची वायरिंग : सैल झालेली जोडपट्टी, सोल्डर सुटलेली फीडर (रुळाला वीज पोहोचवणारी) वायर, किंवा लांबच लांब रुळाला एकाच टोकाला दिलेला पुरवठा. तिसरे ठिकाण घराचा मीटर, म्हणजे सरळ लाईट जाणे. पहिल्यावर उपाय क्षणभरापुरती वीज साठवणारा कपॅसिटर, दुसऱ्यावर स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डर, तिसऱ्यावर बॅटरी. बॅटरीबद्दल येणाऱ्या शंकांपैकी पुष्कळ शंका प्रत्यक्षात पहिल्या दोन ठिकाणच्या असतात, असा माझा अनुभव आहे.

तपासायची एक सोपी रीत आहे. दिवा लावलेला एखादा डबा घ्यावा, ज्याच्या दिव्याला कपॅसिटर नाही असा. रात्री खोलीतले दिवे मालवून तो इंजिनामागे हळूहळू सगळ्या रुळांवरून फिरवावा. ज्या जागी दिवा लुकलुकतो त्या जागी रुळाच्या बाजूला खडूने खूण करत जावे. दोन फेऱ्यांनंतर त्याच त्या खुणा येत असतील तर दोष रुळाचा किंवा फीडरचा आहे; लुकलुकण्याला जागेचा काही नेम नसेल तर दोष चाकांचा आहे. चाके आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. पॉलिश पेपर मात्र वापरू नये, कारण त्याने पडलेल्या बारीक चऱ्यांमध्ये पुढच्या आठवड्यात दुप्पट काजळी साठते.

लाईट गेल्यावर १२ व्होल्टची बॅटरी थेट रुळांना जोडून गाडी चालू ठेवता येईल का?

येणार नाही, आणि हा प्रयोग करूही नये. बॅटरीतून येणारी वीज एकाच दिशेची असते आणि तिच्यात कोणतीही आज्ञा नसते. बहुतेक डीकोडर कारखान्यातून येतानाच असे ठरवून दिलेले असतात की, रुळावर डीसीसीचा संकेत सापडला नाही आणि साधी डीसी वीज सापडली, तर ही जुन्या पद्धतीची रेल्वे आहे असे समजून त्या विजेच्या दाबाप्रमाणे धावू लागावे. १२ व्होल्ट म्हणजे जवळजवळ पूर्ण वेग.

हे मी पुस्तकात वाचलेले नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या आराशीत मखराभोवती गाडी फिरत होती आणि ऐन आरतीच्या आधी लाईट गेली. मदतीला धावलेल्या वायरमनने चांगल्या हेतूने, कमांड स्टेशनच्या वायरी काढून, ध्वनिक्षेपकाच्या बॅटरीचे दोन चिमटे रुळांना लावले. इंजिन क्षणभर थबकले, मग सुसाट सुटले, वळणावर कलंडले आणि चार डब्यांसह नैवेद्याच्या ताटात जाऊन पडले. कमांड स्टेशनच्या वायरी त्याने आधी काढल्या होत्या हे आमचे नशीब. त्या तशाच असत्या आणि त्याच वेळी लाईट परत आली असती, तर बॅटरी आणि बूस्टर एकमेकांशी भिडून बूस्टर जळाला असता.

बॅटरी जोडायची ती कमांड स्टेशनच्या किंवा बूस्टरच्या आधी, म्हणजे जिथे ॲडाप्टर लागतो त्या बाजूला. रुळांवर जे जाईल ते बूस्टरमधूनच गेले पाहिजे. याशिवाय प्रत्येक डीकोडरमध्ये साध्या डीसीवर धावण्याची सवलत बंद करून ठेवावी. त्यासाठी सीव्ही २९ (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली बदलता येणारी क्रमांकित नोंद) मधून ४ वजा करावेत : लहान पत्त्याच्या इंजिनात सहसा ६ असते त्याचे २ होतात, लांब पत्त्याच्या इंजिनात ३८ चे ३४ होतात.

इंजिनात बसवायचा 'कीप अलाइव्ह' म्हणजे बॅटरीच का?

नाही. रुळांची वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा हा जोड वेगवेगळ्या कंपन्या बनवतात. टीसीएसचा कीप अलाइव्ह, ईएसयूचा पॉवरपॅक, लेन्झचा पॉवर किंवा झिमोचा स्टेअलाइव्ह, नावे वेगवेगळी असली तरी आत कपॅसिटर असतात. बॅटरी रासायनिक क्रियेने वीज साठवते, तिला चार्ज व्हायला तास लागतात आणि ती काही वर्षांत म्हातारी होते. कपॅसिटर मिनिटाभरात भरतो, लाखो वेळा रिकामा झाला तरी त्याला विशेष काही वाटत नाही, पण त्याच्यात मावते फार थोडे.

किती थोडे, ते हिशेबाने पाहू. कपॅसिटर किती वेळ पुरेल हे काढण्यासाठी त्याची क्षमता फॅरडमध्ये घ्यावी, तिला चालू शकणाऱ्या व्होल्टेजमधल्या घटीने गुणावे आणि करंटने भागावे. १००० मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर, १३ व्होल्टपासून ७ व्होल्टपर्यंतची घट आणि पाव अँपिअर खाणारी मोटर धरली, तर उत्तर येते ०.०२४ सेकंद. प्लास्टिकच्या फ्रॉगवरून (सांध्यात, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तेथे, रूळ एकमेकांना छेदतात तो भाग; प्लास्टिकचा असेल तर त्यात वीज नसते) संथपणे जाणाऱ्या दोन ॲक्सलच्या शंटिंग इंजिनाला एवढ्याने काही होत नाही. आता २.७ व्होल्टचे, प्रत्येकी १ फॅरडचे सहा सुपरकपॅसिटर एकापुढे एक जोडले तर सगळे मिळून १६.२ व्होल्ट सहन करणारा, पण क्षमतेने सहावा हिस्सा म्हणजे सुमारे ०.१६७ फॅरडचा संच तयार होतो, आणि त्याच हिशेबाने तो ४ सेकंद पुरतो. ४ सेकंदांत इंजिन कितीही मळकट सांधा पार करते.

पाच सुपरकपॅसिटर पुरणार नाहीत का, असेही विचारले जाते. पाचांची मर्यादा १३.५ व्होल्ट होते आणि १५ व्होल्टच्या रुळावर डीकोडरच्या आतल्या डायोडनंतर सुमारे साडेतेरा ते चौदा व्होल्ट उरतात. इतक्या काठावर चालवलेला सुपरकपॅसिटर फुगतो. त्यामुळे जागा असेल तर सहाच घ्यावेत, जागा नसेल तर रुळाचा दाब कमी करावा.

तो डीकोडरला कुठे जोडायचा?

धन बाजू निळ्या वायरला, जी दिव्यांसाठीची सामाईक धन वायर असते. ऋण बाजू डीकोडरच्या आतल्या ग्राउंडला. येथे नवशिक्यांची हमखास चूक होते, म्हणून स्पष्ट सांगतो : काळी वायर ही ग्राउंड नव्हे. डीसीसीत लाल आणि काळ्या वायरी रुळांकडून येतात आणि त्या दोन्हींवर दिशा सतत उलटत असते. काळ्या वायरीला कपॅसिटरची ऋण बाजू लावली तर कपॅसिटर फुटतो, क्वचित डीकोडरही घेऊन जातो. ग्राउंडची वेगळी वायर किंवा टिकली (सोल्डर करण्याची जागा) उत्पादकाच्या माहितीपत्रकात दाखवलेली असते. ती दाखवलेली नसेल तर आवर्धक भिंगाखाली अंदाजाने टिकली शोधण्यापेक्षा दुसरा डीकोडर घ्यावा, असे माझे मत आहे.

तयार संच न घेता स्वतः जोडणाऱ्यांनी धन वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर घालावा आणि त्याला समांतर एक १एन४००७ डायोड असा लावावा की कपॅसिटरकडून डीकोडरकडे वीज मोकळी जाईल. रेझिस्टर चार्जिंगचा लोंढा आवरतो, डायोड परतीची वाट खुली ठेवतो. १४ व्होल्टला १०० ओहममधून सुरुवातीला ०.१४ अँपिअर जाते; म्हणजे अशी दहा इंजिने रुळांवर असतील तर लेआउट चालू करताक्षणी १.४ अँपिअर नुसत्या कपॅसिटरकडे जातात. रेझिस्टर न घालता जोडलेली दोन इंजिनेसुद्धा बूस्टरला शॉर्टसर्किट झाल्यासारखी वाटतात आणि तो चालूच व्हायला तयार होत नाही. रेझिस्टर निदान १ वॉटचा घ्यावा.

कपॅसिटर बसवल्यापासून प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर इंजिन वाचले जात नाही. डीकोडर बिघडला का?

बहुधा नाही. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डीकोडरचे सीव्ही वाचण्या-बदलण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या रुळावर, डीकोडर 'समजले' असे उत्तर देतो ते सुमारे ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपिअरचा जादा करंट ओढून. शेजारी कपॅसिटर चार्ज होत असेल तर तो उचकीएवढा करंट त्या गोंगाटात ऐकूच येत नाही. कपॅसिटरच्या वायरीत एक बारीक कनेक्टर ठेवून तेवढ्यापुरता तो काढावा, किंवा मुख्य रुळावर प्रोग्रॅमिंग करावे. काही तयार संचांत ही अडचण आतूनच सोडवलेली असते.

रुळांची वीज बंद करूनही इंजिन पुढे जातच राहते. हे धोक्याचे नाही का?

टेबलाच्या कडेला रूळ संपत असतील तर नक्कीच धोक्याचे आहे. ताशी १०० किलोमीटरचा प्रमाणबद्ध वेग एचओमध्ये सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर होतो, तेव्हा ४ सेकंदांत इंजिन जवळजवळ सव्वा मीटर जाईल, आणि तेही कोणाचे न ऐकता, कारण रुळ मेलेले असल्याने आज्ञाच पोहोचत नाहीत. यासाठी संकटाच्या वेळी वीज तोडण्याचे बटण न दाबता आपत्कालीन थांब्याचे बटण दाबण्याची सवय लावून घ्यावी. त्यात वीज चालू राहते आणि सगळ्या इंजिनांना एकदम थांबण्याची आज्ञा जाते. मुलांना खेळायला देताना हा फरक त्यांना आधी शिकवावा. मुले तो मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

संकेत थांबल्यावर किती वेळ धावायचे याची मुदत डीकोडरमध्ये ठरवता येते. प्रमाणात त्यासाठी सीव्ही ११ राखून ठेवलेला आहे, परंतु सगळे उत्पादक तोच वापरतात असे नाही. ईएसयूच्या डीकोडरमध्ये हे काम सीव्ही ११३ करतो. अर्धा ते एक सेकंद ठेवला तरी मळलेल्या सांध्यासाठी तो भरपूर आहे.

कमांड स्टेशन घरच्या इन्व्हर्टरवर ठेवले तर चालेल का?

चालेल, आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांसाठी हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घेतलेला इन्व्हर्टर किंवा त्याचा वारसदार अजून जिन्याखाली बसलेला असतो. मात्र दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, बदलाचा वेळ. घरगुती इन्व्हर्टरवर सहसा एक खटका असतो, ज्याने तो 'यूपीएस' किंवा 'नॉर्मल' पद्धतीवर ठेवता येतो. यूपीएस पद्धतीत लाईट गेल्यापासून बॅटरीची वीज येईपर्यंत साधारण १० ते १५ मिलिसेकंद जातात, नॉर्मलमध्ये त्याहून बरेच जास्त. पंखा आणि ट्यूबलाईटला ते कळत नाही, कमांड स्टेशनच्या प्रोसेसरला कळते. ॲडाप्टरच्या आतल्या कपॅसिटरमध्ये तेवढा काळ निभावण्यापुरती साठवण असते, पण ती ॲडाप्टरवर किती ताण आहे यावर अवलंबून राहते. म्हणून २ अँपिअर लागत असतील तर ४ अँपिअरचा ॲडाप्टर घ्यावा. निम्म्या ताणावर तो जवळजवळ दुप्पट वेळ तग धरतो.

दुसरी, विजेचा आकार. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरींची वीज देतात. आधुनिक स्विचिंग ॲडाप्टरला त्याचे काही वाटत नाही, पण जुन्या पद्धतीच्या लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरला वाटते : तो घुमू लागतो, तापतो, आणि त्याच्यावर चालणारे जुने कंट्रोलर भलतेसलते वागतात. असा ट्रान्सफॉर्मर असेल तर शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत इन्व्हर्टरच नसेल तर संगणकाचा छोटा यूपीएस पुरेसा होतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा असे यूपीएस अर्ध्या तासात मान टाकू लागले होते, याचे कारण त्यांच्यावर संगणक होते. ३० वॉटच्या लेआउटसाठी तोच यूपीएस कितीतरी अधिक काळ चालतो.

वायफाय राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस चालेल का?

सांध्यांच्या मॉड्यूलना, वायफायच्या मॉड्यूलला, सिग्नलच्या दिव्यांना चालेल. रुळांना वीज देणाऱ्या बूस्टरला सहसा चालणार नाही. त्याच्यावर '१२ व्होल्ट, २ अँपिअर' असे छापलेले असले तरी स्वस्त यूपीएसमध्ये लिथियमचे तीन सेल सरळ बाहेर काढलेले असतात, त्यामुळे सुरुवातीला १२.६ व्होल्ट मिळतात आणि सेल उतरत गेले की ९ च्या आसपास. राउटर ते निमूट सोसतो. घ्यायच्या आधी मल्टिमीटर लावून, गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब ताण म्हणून जोडून पाहावे. पाच मिनिटांत व्होल्टेज १ व्होल्टहून अधिक घसरले तर तो फक्त दिव्यांसाठी ठेवावा.

कमांड स्टेशनला १२ व्होल्टची बंद लेड-ॲसिड बॅटरी जोडायची असेल तर ती किती वेळ पुरेल?

यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७.२ अँपिअर-तासांची बॅटरी बाजारात कुठेही मिळते. तिच्यावरचा आकडा मात्र २० तासांत सावकाश रिकामी करण्याचा आहे; तिला लवकर आणि पूर्ण रिकामी केली तर ती कमी देते आणि लवकर मरते. निम्मीच वापरायची असे ठरवून ३.६ अँपिअर-तास धरावेत.

आता एचओच्या रुळांना १४ ते १५ व्होल्ट हवे असतात आणि बॅटरी भरलेली असताना १२.७ व्होल्ट देते. ती थेट जोडली तर बूस्टरमध्ये आणखी एक-दोन व्होल्ट जाऊन रुळांवर जेमतेम ११ उरतील. गाडी चालेल, पण दमल्यासारखी. त्यामुळे मध्ये व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर घालावा लागतो. १५ व्होल्टला २ अँपिअर म्हणजे ३० वॉट. कन्व्हर्टरची १० टक्के घट धरून बॅटरीतून सुमारे २.८ अँपिअर निघतील, आणि ३.६ अँपिअर-तास सव्वा तास पुरतील. प्रत्यक्षात सगळ्या गाड्या एकदम धावत नसल्याने दोन तासही निघतात. प्रदर्शनातल्या एका सत्राला एवढे पुरते.

बॅटरीच्या धन टोकापासून चार बोटांच्या आत फ्यूज हवाच. ॲडाप्टर शॉर्ट झाला तर स्वतःच बंद पडतो. बॅटरीला तशी अक्कल नसते, ती शंभराहून अधिक अँपिअर ओतून वायरीवरचे प्लास्टिक जाळते. लेआउटखाली लाकूड, थर्मोकोल आणि वाळलेले कृत्रिम गवत असते, हे विसरू नये. कायम जोडून ठेवायची असेल तर चार्जर १३.६ ते १३.८ व्होल्टवर स्थिर राहणारा असावा. मोटारसायकलच्या बॅटरीचा जुना साधा चार्जर नको.

आर्ड्युइनोवर बनवलेल्या डीसीसी-ईएक्स कमांड स्टेशनसाठी वेगळे काही?

डीसीसी-ईएक्स हे आर्ड्युइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावर (येथे मेगा) चालणारे कमांड स्टेशन आहे, आणि मोटर शील्ड हे त्यावर बसणारे, रुळांना वीज देणारे जोडबोर्ड. मोटर शील्डला १२ व्होल्टपेक्षा जास्त दाब देणार असाल तर शील्डवरची व्हीइन नावाची जोडणी तोडावी, नाहीतर तोच दाब खाली आर्ड्युइनो मेगाच्या रेग्युलेटरवर जातो आणि तो भाजून निघतो. मेगाला ७ ते ९ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्यावा. बॅटरी एकच असली तरी चालेल, फक्त त्यातून दोन कन्व्हर्टर काढावेत. मूळ शील्डवरची एल२९८ ही चिप १ अँपिअरला सुमारे २ व्होल्ट स्वतःच खाते. बॅटरीवर चालवताना हा खर्च परवडत नाही, म्हणून मॉसफेटवर (कमी वीज वाया घालवणाऱ्या ट्रान्झिस्टरवर) चालणारा मोटर ड्रायव्हर घेणे शहाणपणाचे.

सांधे बदलणाऱ्या मॉड्यूलना पर्यायी वीज देताना काय पाहावे?

सांधा कशाने बदलतो त्यावर ते आहे. सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने झटका देणारी गुंडाळी) असेल तर त्याला क्षणभर ३ ते ४ अँपिअरचा दणका लागतो आणि इतर वेळी काहीच नाही. त्याच्या आधी कपॅसिटर डिस्चार्ज युनिट असेल तर बॅटरीवर ताण येत नाही, कारण युनिट सावकाश भरते आणि एकदम सोडते. सावकाश फिरून टोकाला अडून राहणारी मोटर असेल, उदाहरणार्थ टॉर्टॉइस, तर ती अडलेली असताना सुमारे १६ मिलिअँपिअर घेते. वीस सांध्यांचे ३२० मिलिअँपिअर अखंड जातात, पण वीज गेली तरी गिअरमुळे सांधा सहसा जागचा हलत नाही.

खरी डोकेदुखी सर्व्होची, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटरची आहे. एसजी९० सारखा छोटा सर्व्हो वीज येताक्षणी अंग झटकतो, आणि दहा सर्व्होंनी एकदम अंग झटकले की ५ व्होल्टची लाईन ३ वर येते, मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो, सर्व्हो पुन्हा झटकतात, आणि हे चक्र कोणीतरी वीज बंद करेपर्यंत चालू राहते. सर्व्होंची वीज वेगळ्या रिलेवरून द्यावी आणि कंट्रोलर जागा होऊन त्याने प्रत्येक सर्व्होला आपली जागा सांगितल्यानंतरच रिले लागावा, अशी योजना करावी. कंट्रोलरची स्वतःची वीज त्याच ५ व्होल्टवरून घेऊ नये.

वीज परत आल्यावर सगळे आपोआप पूर्ववत सुरू व्हावे, असे करता येईल का?

करता येईल, पण गाड्यांच्या बाबतीत करू नये. सांधा कोणत्या बाजूला आहे हे मॉड्यूलने कायमच्या स्मृतीत लिहून ठेवावे, सिग्नल लाल व्हावेत, रूळ व्यापल्याचे दाखवणारी मॉड्यूल जागी व्हावीत, आणि रुळांची वीज मात्र माणसाने बटण दाबल्यावरच यावी. खऱ्या रेल्वेतही सिग्नल बिघडला की तो धोक्याच्या बाजूला बिघडावा अशी रचना असते. तोच शिरस्ता येथे पाळावा. बरीच कमांड स्टेशने सुरू होताना रूळ बंदच ठेवतात. आपले तसे नसेल तर सेटिंगमध्ये तसे करून घ्यावे.

रुळांत वीजच न ठेवता पूर्ण गाडी बॅटरीवर चालवता येते का?

येते. बागेतल्या मोठ्या मापाच्या गाड्यांत ही पद्धत चांगलीच रुळली आहे, कारण उघड्यावरचे, पावसाने काळवंडलेले रूळ दर रविवारी घासत बसण्यापेक्षा बॅटरी भरणे सोपे असते. रूळ केवळ वाट दाखवायला उरतात. आज्ञा रेडिओने येते आणि वीज बॅटरीतून. एचओमध्ये अडचण जागेची आहे. १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा १८६५० जातीचा लिथियम सेल बहुतेक इंजिनांत, मोटर आणि वजनाचे ठोकळे असताना, मावत नाही.

पण तो इंजिनातच हवा असे कोणी सांगितले? आपल्या ओळखीचा आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा घ्या. त्याची खरी लांबी २१.३३७ मीटर आणि रुंदी ३.२४५ मीटर; १:८७ मध्ये ती अनुक्रमे २४५ आणि ३७ मिलिमीटर होते. तीन सेल एकापुढे एक ठेवले तर १९५ मिलिमीटर लागतात, म्हणजे ते डब्याच्या मजल्यावर आडवे झोपतात आणि दोन्ही टोकांना कनेक्टर, फ्यूज आणि संरक्षण सर्किटसाठी जागा शिल्लक राहते. खिडक्यांना पडदे रंगवले की आत काय आहे ते दिसत नाही. मी एका डब्याला पार्सल व्हॅन करून हा प्रश्नच मिटवला. एक सेल सुमारे ४७ ग्रॅमचा, तीन मिळून १४० ग्रॅम. एनएमआरएच्या शिफारशीप्रमाणे एवढ्या लांबीच्या एचओ डब्याचे वजन १७० ग्रॅमच्या आसपास असावे, म्हणून मूळ डब्यातली लोखंडी पट्टी काढून टाकावी, म्हणजे डबा फारसा जड होत नाही. हा डबा इंजिनाला लागूनच जोडावा आणि मधली दोन वायरींची जोडणी वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवावी.

तीन सेलचे ११.१ व्होल्ट, भरल्यावर १२.६; एचओच्या मोटरला ते पुरतात, कन्व्हर्टर लागत नाही. २.५ अँपिअर-तासांच्या सेलवर ०.३ अँपिअर खाणारे इंजिन हिशेबाने आठ तास चालते. येथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. अमेरिकेतून नातेवाइकांकरवी मागवलेले रेडिओ संच पुष्कळदा ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात. भारतात या पट्ट्याचा काही भाग मोबाइल सेवेकडे आहे. विनापरवाना वापरासाठी आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. तेव्हा २.४ गिगाहर्ट्झवर किंवा वायफायवर चालणारा संचच मागवावा.

उन्हाळ्यात काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

विदर्भात आणि मराठवाड्यात घ्यावी लागते. साधारण लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात दुपारी पारा त्याच्याही पुढे जातो. चार्जिंग रात्री करावे, फरशीवर करावे, गादीवर किंवा थर्मोकोलवर नाही, आणि आपण जागे असताना करावे. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला जवळपास निम्मे होते. सुट्टीला गावी जाताना लिथियम सेल निम्मे भरून ठेवावेत. पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे ठेवू नयेत.

परदेशातून येताना बॅटरीचा संच विमानातून आणता येतो का?

सुटी लिथियम बॅटरी नेहमी हातातल्या सामानात ठेवावी लागते, चेक-इन बॅगेत नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे; वर सांगितलेला तीन सेलचा संच ११.१ गुणिले २.५, म्हणजे २८ वॉट-तासांच्या आसपास येतो, तेव्हा अडचण नाही. टोकांना चिकटपट्टी लावावी आणि संचावर व्होल्ट व अँपिअर-तास छापलेले असावेत. हाताने सोल्डर केलेला, निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला, काहीही न लिहिलेला संच सुरक्षा तपासणीत समजावून सांगणे फार कठीण जाते. त्यापेक्षा सेल इथेच घ्यावेत आणि तिकडून फक्त डीकोडर आणावेत.

फुगलेल्या किंवा उतरलेल्या बॅटरीचे काय करावे?

फुगलेला लिथियम संच पुन्हा चार्ज करू नये, टोचू नये, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. वायरी एक-एक करून कापाव्यात, कारण दोन्ही एकदम कापल्या तर कात्रीनेच शॉर्ट होतो. टोकांना चिकटपट्टी लावून तो वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. लेड-ॲसिड बॅटरीचे तर दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीतून पैसेही वळते करतो. भाव वजनावर ठरतो, त्यामुळे ती घरीच तोलून मग दुकानात जावे.